सोमवारचं प्लास्टर आणि गळकी मोटार

मोटारीचं तेल आपणच बदलायचं, असं सिद्धलिंगनं ज्या मंगळवारी ठरवलं, त्या मंगळवारी महानंदा सोप्यात बसून मुलीच्या पायाची बोटं दाबत होती. हा तिचा रोजचा उद्योग होता. नागूच्या डाव्या पायाला मांडीपासून प्लास्टर होतं आणि त्या पांढऱ्या कवचातून फक्त पाच बोटं बाहेर डोकावत होती. बोट दाबलं की पांढरं पडायचं, सोडलं की गुलाबी व्हायचं. गुलाबी व्हायला किती वेळ लागतो, ते महानंदा मनात आकडे मोजून बघायची. तीनच्या आत झालं तर पोरीचं रक्त नीट फिरतंय; चार झाले की महानंदाचं स्वतःचं रक्त थांबायचं. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा बघा म्हणून सांगितलं होतं. ती दर तासाला बघायची, आणि शिवाय पान वाढता वाढता मधेच उठूनही.

नागू जन्मली तीच डावं पाऊल आत वळवून. आता ती दहा महिन्यांची होती. सोलापूरच्या एका दवाखान्यात पुण्याचे एक डॉक्टर दर दुसऱ्या सोमवारी यायचे, जुनं प्लास्टर कापायचे, पाऊल थोडं बाहेर वळवून नवं घालायचे आणि तीनच्या गाडीनं परत जायचे. आदल्याच दिवशी त्यांनी सहावं प्लास्टर घातलं होतं आणि हात धुताना सांगितलं होतं, "पुढचं महत्त्वाचं. पाऊल आता वळणावर आलंय. पंधरा दिवसांच्या वर गेलात तर हे सैल पडेल आणि पाऊल परत आत जाईल. मग कापाकापीशिवाय इलाज नाही." निजामाच्या हद्दीतल्या मुरूमला, घरी, पोचेपर्यंत महानंदानं ही वाक्यं इतक्यांदा मनात म्हटली, की इंटरला तिनं एवढं पाठांतर केलं असतं तर वरचा वर्ग मिळाला असता.

मोटार याच कामासाठी घेतली, असं सिद्धलिंग म्हणायचा. लढाईमुळं सोलापूरची सर्व्हिस, म्हणजे प्रवासी गाडी, आठवड्यातून दोनदाच सुटायची आणि त्या दोन दिवसांत सोमवार नव्हता, हे खरं. सर्व्हिस सोमवारी असती तरी त्यानं मोटार घेतलीच असती, हेही खरं. अडतीच्या दुकानातल्या गादीवर बसलेल्या माणसाला कुणी फारसं वळून बघत नाही. मोटारीत बसलेल्या माणसाकडं म्हैससुद्धा बघते. ती चालवायला गुरुलिंग नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं सिद्धलिंगला चालवायला शिकवलं, आणि ते शिकवून होताच फौजेत लॉऱ्या हाकायला निघून गेला. जाता जाता म्हणाला, "मालक, तेल बदलायचं झालंय." एवढं बोलून तो गेला आणि ते वाक्य घरात राहिलं.

सिद्धलिंग उर्दू शाळेत मॅट्रिक झालेला. मोटारीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत. महानंदा सोलापूरची, म्हणजे इंग्रज हद्दीतली, दोन वर्षं कॉलेजात काढलेली. तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. नवरा मोटारीखाली पोत्यावर, बायको मोटारीशेजारी पाटावर, मांडीवर पोर, हातात पुस्तक. ती एकेक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, आणि खालून "हां" असा आवाज यायचा. महानंदाला त्या दिवशी बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. लग्न होऊन या घरात आल्याला तीन वर्षं झाली होती आणि तिच्या इंग्रजीचा घराला झालेला हा पहिला उपयोग होता.

तेलाच्या चेंबरचा बोल्ट निघाला. काळं तेल घमेल्यात उतरलं. ते सिद्धलिंगनं फेकलं नाही. व्यापाऱ्याच्या घरात काही फेकत नाहीत. डब्यात भरून ठेवलं. मग पुस्तकाचं पुढचं पान आलं, आणि नागू रडायला लागली. महानंदानं सवयीनं बोट दाबलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा दाबलं, तीन. पुन्हा दाबलं, तीनला थोडं कमीच. तेवढ्यात खालून आवाज आला, "पुढं?"

तिनं पानावर नजर टाकली आणि डोळ्यांना सापडली ती ओळ वाचली. "बोल्ट घट्ट आवळा आणि नवं तेल भरा."

मधली एक ओळ राहिली. बोल्टाखालची तांब्याची कडी न विसरता परत घाला, अशी ती ओळ होती. ती राहिल्याचं महानंदाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, जेव्हा मोटारीखाली भाकरीएवढा काळा डाग दिसला आणि तिनं पुस्तक गुपचूप पुन्हा उघडलं. मग तिनं ते मिटलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. जी बाई दुधात बोट घालून, कपाळाला हात लावून, दाराच्या कड्या तीनदा बघून दिवस काढते, तिच्याकडून एक ओळ राहते, हे सांगायला जीभच उचलेना.

ती कडी बोल्टाबरोबर निघाली असणार आणि अंगणात कुठंतरी घरंगळली असणार. तिनं केर काढायच्या निमित्तानं अंगण चाळलं. कडी नव्हती.

सिद्धलिंगनं डागाकडं बघितलं. "नवं तेल हाय," तो म्हणाला. "बसायला दोन दिवस लागतील."

तेल बसलं नाही. अंगणात घमेलं ठेवलं, तर एका श्वासाला एक थेंब या हिशोबानं टप, टप आवाज सुरू झाला. तो आवाज पहिल्यांदा ऐकला शेजारच्या पंचाक्षरी अप्पांनी. अप्पा करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजाम सरकारच्या जकातीवर, तीस वर्षं कारकून होते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला थांबवायची त्यांना सवय होती आणि पेन्शनीत गेल्यावर थांबवण्याजोगं काही उरलं नव्हतं. ते काठी टेकत आत आले आणि वाकून अर्धा तास थेंब बघत राहिले.

"गळतंय," ते म्हणाले.

"व्हय अप्पा," सिद्धलिंग म्हणाला.

"असं गळत राहिलं तर एक दिवस संपंल."

एवढा विचार मांडून ते थांबले. मग म्हणाले, "चुना, गूळ आन् कापूस. आमच्या नाक्याची भिंत त्याच्यावर उभी हाय."

चुना-गुळाचा लपका केला, कापसासकट बोल्टाभोवती थापला. तो उन्हात वाळला, दगडासारखा झाला आणि टपटप थांबली. सिद्धलिंगनं त्या संध्याकाळी दोनदा जेवण मागून घेतलं. सकाळी बघतात तर गुळाच्या वासानं मुंग्यांची रांग वडाच्या झाडापासून निघून थेट मोटारीच्या पोटात गेलेली, लपका पोखरलेला, आणि घमेल्यात तेलावर मुंग्या तरंगताहेत. मोटार पुसायला अर्धा दिवस गेला. समोरच्या लक्ष्मीबाईंनी उडदाचं पीठ सांगितलं. ते गरम होताच पापडासारखं फुगून पडलं. कुणी मेण सांगितलं, कुणी साबण. सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी मोटार नव्हती, त्यामुळं कुणाचाही आवाज डळमळत नव्हता.

तेल कमी होत चाललं, तेव्हा सिद्धलिंग नव्या डब्यासाठी तहशिलीत गेला. लढाईमुळं तेलाला परमिट लागत होतं. त्यानं स्वतःच्या हातानं सुरेख उर्दूत, निजामी फसली सालाची तारीख घालून, अर्ज लिहिला. कारकुनानं अक्षराची तारीफ केली आणि अर्ज परत दिला.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"घेतली सोलापुरात. कागद अजून जुन्या मालकाच्या नावावर हायत."

"म्हणजे कागदावर ही गाडी इंग्रज हद्दीत हाय."

"पर ती माझ्या अंगणात हाय. अन् गळतीय."

"कागदावर जी गाडी हितं न्हाई, ती हितं गळते कशी?" कारकून शांतपणे म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

घरी येऊन सिद्धलिंगनं फेटा खुंटीला लावला आणि बराच वेळ खुंटीकडंच बघत उभा राहिला. महानंदाला त्या वेळी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तिनं नागूचं बोट दाबलं आणि तीनपर्यंत मोजलं.

आठवडा असा गेला. आठवडा म्हणजे तिच्या लेखी अर्धं प्लास्टर.

गुरुवारी व्यंकट लोहार आला. तो मोटारीखाली गेला आणि मिनिटभरात बाहेर आला. "मालक, हितं वायसर असतंय. तांब्याची कडी. बोल्ट अन् चेंबर, दोन्ही लोखंड. मधी मऊ काय नको का? कुठाय ती? लढाईत तसलं तांबं गावत न्हाई, तीच लागंल."

"न्हवतीच."

"न्हवती कशी. गुरुलिंग असताना गळत होती का मोटार?"

गळत नव्हती. दुपारपर्यंत पेठेत झालं की सिद्धलिंगअप्पानं मोटार खोलली आणि तिच्या पोटातला एक अवयव हरवला. संध्याकाळी दुकानात वजनकाट्याशी उभा असलेला हमालसुद्धा विचारू लागला, "घावली का कडी, मालक?" सिद्धलिंग हसला. रात्री घरी सांगतानाही तो तसाच हसला, आणि महानंदानं हातातला घास पानात परत ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती नागूला न्हाऊ घालत होती. प्लास्टरचा पाय बाजूच्या पाटावर कोरडा, बाकीची मुलगी पाण्यात, अशी ती कसरत असायची. नागूच्या कमरेला काळा करदोडा होता आणि त्यात सासूबाईंनी, म्हणजे इरम्मांनी, बांधलेल्या वस्तू होत्या. वेखंडाचा तुकडा, एक काळा मणी, चांदीचा ताईत, मठातला दोरा, आणखी काहीबाही. महानंदाचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून ती तिकडं बघायची नाही. आज पाणी ओतताना काहीतरी चमकलं. चिंचेनं घासून लखलखीत केलेली तांब्याची कडी, वर दोऱ्यात ओवायला सोनाराकडून जोडलेली नखाएवढी कानी.

ती गेले चार दिवस तिथंच होती. सगळ्या गावानं शोधली ती कडी महानंदाच्या स्वतःच्या मांडीवर खेळत होती.

"अव्वा," ती म्हणाली. "ही कडी कुठली?"

"सोमवारी झाडताना घावली," इरम्मा म्हणाल्या. "महादेवाचा वार. तुळशीपाशी होती. अंगणात तांबं कुठनं येतंय गं? कुणी टाकलं? देणारानंच दिलं म्हणायचं. बांधल्यापासनं पोरीचं पाऊल सरळ व्हायलंय."

"अव्वा, पाऊल प्लास्टरच्या आत आहे. दिसतं कुठं?"

"दिसत न्हाई म्हणूनच सांगायलेय तुला."

"ती मोटारीची कडी आहे."

इरम्मांनी सुनेकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "मोटारीला कशाला लागतीय कडी? तिला काय दिष्ट लागतीय?"

मग घरात जे सुरू झालं ते तीन दिवस चाललं. कडी काढली तर पोरीचा पाय जाईल, असं इरम्मा. कडी काढली नाही तर पोरीचा पाय जाईल, असं महानंदा. दोघीही खऱ्याच घाबरल्या होत्या, त्यामुळं आवाज कुणाचाच चढत नव्हता, आणि न चढणाऱ्या आवाजाच्या भांडणाला शेवट नसतो. सिद्धलिंग मधे बसून दोघींचं ऐकायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "अव्वा, दुसरी कडी करून आणतो सोनाराकडनं, सोन्याची." त्यावर इरम्मा म्हणाल्या, "सोन्याची मोटारीला घाल."

अखेर मठातल्या स्वामींना विचारलं. स्वामी वृद्ध होते, ऐकायला कमी यायचं, पण त्यांनी कडी तळहातावर घेऊन दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "मुलगी मोटारीत बसते?"

"बसते," महानंदा म्हणाली.

"मग कडी मोटारीत असली काय, कमरेला असली काय. एकाच गाडीत दोघी. मोटार थांबली की परत बांधा."

या निकालावर हायकोर्टातसुद्धा कुणी बोट ठेवलं नसतं. इरम्मांनी स्वतःच्या हातानं करदोडा सोडला. व्यंकटनं सोनाराची कानी कापली, कानस लावली, कडी बोल्टात घातली आणि आवळली. सगळे घमेल्याभोवती डोळे लावून बसले. एक, दोन, तीन. महानंदा मोजत होती. दहाव्या श्वासाला थेंब पडला.

"कानी लावताना कडी वाकलीया," व्यंकट म्हणाला. "आता गळंल, पर दमानं गळंल."

डब्यातलं जुनं काळं तेल त्यानं दोनदा फडक्यातून गाळून दिलं. वाटेत लागेल तसं ओतायचं, एवढाच उपाय उरला होता. हे झालं रविवारी. आणि सोमवारी येळवस होती.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, म्हटल्यावर या मुलखात आणखी काही सांगावं लागत नाही. त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही. घरं बंद करून सगळी माणसं रानात, कडब्याच्या कोपीशी, म्हणजे खोपटाशी, आणि आंबिलीच्या मडक्यांशी. लोहार नाही, टांगा नाही, सर्व्हिस नाही. इरम्मा पहाटेच भज्जीच्या भांड्यासह बैलगाडीत बसल्या होत्या. निघताना त्यांनी मोटारीच्या कपाळाला विभूती लावली आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या, "वर्षाचा सण सोडून इंग्रजाच्या मुलखात निघाली माणसं." सोलापूर त्यांच्या लेखी परदेश होतं, आणि कागदोपत्री ते चूकही नव्हतं.

सातला निघाले. दर पाच-सहा मैलांवर सिद्धलिंग थांबायचा, वाकून बघायचा, तेल ओतायचा. गाडी तापली की थेंबांची गती वाढायची. मांडीवर पोर आणि मांडीखाली डबा धरून महानंदा रस्त्याकडं बघत होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, जागोजाग कोपी, बायकांची हिरवी-लाल लुगडी; सगळ्या जगाचा सण आणि मधून जाणारी ही एक काळी मोटार, प्रेत घेऊन चालल्यासारखी हळू.

जळकोटच्या पुढं तेल ओतायला थांबले, तेव्हा रानातून एक म्हातारी हात करत आली. धुरपताबाई तिचं नाव, तिनंच सांगितलं. "चला, जेवून घ्या."

"मावशी, उशीर होतोय," महानंदा म्हणाली. "पोरीला दवाखान्यात न्यायचंय. वेळ गाठायचीय."

"न्या की. पर येळवशीला बांधावरनं मानूस उपाशी गेला, तर रानाला काय तोंड दावू म्या? वर्सभर पिकंल का ते?"

"मावशी, खरंच..."

"बाई, तुझं पोर तसं माझं रान."

गाडीही आता हँडलनं चालू होईना. ढकलायला माणसं हवी होती, आणि जेवल्याशिवाय इथलं एकही माणूस गाडीला हात लावणार नव्हतं. उपाशी पाहुण्याची गाडी पुढं ढकलायची म्हणजे पाहुण्याला हाकलायचं, असं धुरपताबाईच्या नवऱ्यानं नम्रपणे समजावून सांगितलं. ते कोपीशी बसले. आंबील आली, बाजरीचे उंडे आले, भाज्या-डाळींची भज्जी आली. महानंदानं घाईघाईनं घास उचलला आणि धुरपताबाई नागूच्या पायाकडं बघून म्हणाली, "पाऊल वळलंय व्हय? आमच्या थोरल्याचं तसंच हाय. काय व्हत न्हाई. चालतंय की."

थोरला आंबिलीचं मडकं घेऊन येत होता. पंचविशीचा, उंच, भरल्या मिशांचा. तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होता. तळवा आत वळून आभाळाकडं झालेला, आणि ज्या कडेवर तो भार टाकत होता तिथं बैलाच्या खुरासारखा घट्टा पडलेला. मडक्यातलं थेंबभर सांडू न देता तो आला, महानंदाच्या वाटीत आंबील ओतली आणि हसला. "बाई, अजून घ्या."

तिनं अजून घेतली. तिनं तोंड खाली घातलं आणि वाटी संपवली.

गाडी ढकलायला सगळ्यांत पुढं तोच होता. मोटार सुरू झाली तेव्हा तो मागं रस्त्यात उभा राहून हात करत होता. महानंदानं वळून बघितलं नाही. तिनं नागूचा पाय दोन्ही हातांत धरला होता.

हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर पोचायला बारा वाजून गेले. पंचाक्षरी अप्पांनी नाक्यावरच्या कारकुनाच्या नावे एक चिठ्ठी दिली होती; तीस वर्षांची नोकरी, त्यांचा शब्द कोण मोडतो. कारकुनानं चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि विचारलं, "पंचाक्षरी तुमचे कोण?"

"शेजारी."

"त्यांनी माझी सात वर्षं बढती अडवली," कारकून म्हणाला. "डबा उतरवा."

डब्यात तेल होतं, आणि तेल हद्दीबाहेर न्यायला हुकूम नव्हता. सिद्धलिंगनं ते जुनं, जळकं, याच मोटारीचं असल्याचं पटवून दिलं. कारकुनानं बोट बुडवून वास घेतला. हुकमात जुनं-नवं असं काही लिहिलेलं नव्हतं.

"मोटारीच्या पोटात आहे ते नेता येईल," तो म्हणाला. "डब्यातलं नाही."

सिद्धलिंगनं पोटात मावेल तेवढं ओतलं. उरलेला डबा जप्त झाला. त्याची पावती करायला पाऊण तास लागला, कारण तेलाचं वजन करायला हवं होतं आणि तराजूवाला येळवशीला गेला होता. महानंदा दारात उभी राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होती. एक. सव्वा. दीडला पावती मिळाली.

सोलापूर आठ मैलांवर असताना इंजिनानं वेगळा आवाज काढला. खोलवरून, कुणी हाडावर हाड घासावं तसा. सिद्धलिंगनं गाडी बाजूला घेतली, बोनट उघडलं, तेलाची पट्टी ओढून बघितली. कोरडी होती. तो येऊन पुन्हा जागेवर बसला, पण गाडी चालू केली नाही.

"असंच पळवलं तर इंजिन जाईल," तो म्हणाला. "कायमचं." मग म्हणाला, "माझंच चुकलं. कडी पडली ती कळाय पायजे होती मला. सगळं गाव म्हणतंय ते खरंच हाय."

दोन वाजून गेले होते.

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलेलं होतं. कडी परत घाला म्हणून. मी ती ओळ वाचलीच नाही. नागू रडत होती, मी तिचं बोट बघत होते. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

सिद्धलिंग समोरच्या काचेकडं बघत राहिला. पंधरा दिवसांतल्या मुंग्या, तहशिलीतला कारकून, दुकानातला हमाल, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग त्यानं खाली उतरून हँडल मारलं, एकदा, दोनदा, पाचव्यांदा इंजिन लागलं, आणि तो बसला आणि त्यानं मोटार सोडली. या मोटारीला एवढं पळताना महानंदानं कधी बघितलं नव्हतं. रागानं पळवतोय की मायेनं, हे तिला कळेना, आणि त्या आवाजात विचारणंही शक्य नव्हतं. इंजिन किंचाळत होतं. धूर आत यायला लागला. तिनं नागूचं तोंड पदराखाली घेतलं. सोलापूरची पहिली घरं दिसली, शहराचा जकातनाका मागं पडला, एका गिरणीची चिमणी आली, आणि मग एक मोठा आवाज होऊन मोटार जिथं होती तिथं थांबली, जन्मात कधी हललीच नव्हती अशी.

सिद्धलिंगनं बोनटकडं बघितलंही नाही. तो धावत रस्त्यात गेला आणि टांगा अडवला.

दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या तेव्हा तीनला बारा मिनिटं होती. डॉक्टरांच्या अंगात कोट होता, बॅग बंद होती. त्यांनी महानंदाकडं बघितलं, धुरानं काळ्या झालेल्या तिच्या लुगड्याकडं बघितलं, आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

"एवढ्या उशिरा?" कात्री मागताना ते म्हणाले.

प्लास्टर कापायला चार मिनिटं लागली. आतून पाऊल निघालं, पांढरं, सुरकुतलेलं, ओल्या कागदासारखं. ते कुठंच वळलं नाही. होतं तिथं, सरळ, थोडं बावरल्यासारखं राहिलं. डॉक्टरांनी अंगठ्यानं टाच दाबली, घोटा फिरवला.

"टिकलंय," ते म्हणाले. "उद्या आला असता तर काही सांगता आलं नसतं." नवी पट्टी भिजवता भिजवता त्यांनी विचारलं, "अजून सहा-सात महिने असंच यावं लागेल. लांबून येता ना? कशानं येता?"

सिद्धलिंग भिंतीशी उभा होता. फेट्याला तेल, हाताला तेल, मिशीला तेल. त्यानं जरा ताठ होऊन खांदे सरळ केले.

"मोटारीनं," तो म्हणाला.

"मग ठीक," डॉक्टर म्हणाले.

महानंदानं मान खाली घातली. नवं प्लास्टर ओलं असताना सिद्धलिंग नागूला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायला गेला. तो लांबच्या टोकाला वळला आहे, एवढं बघून तिनं दवाखान्याच्या शिपायाला अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा, मुरूमकडची सर्व्हिस कुठल्या वारी सुटते हो?"